वंशावळ आणि आधार : पास्टन घराण्याची कथा

मल्लिनाथानें आपल्या टीकेच्या आरंभीं, मूळ आधारावांचून आपण कांहींही लिहिणार नाहीं, अशी प्रतिज्ञा केली आहे. काव्यावर टीका लिहिणारास जी शिस्त आवश्यक वाटली, ती कुळाची वंशावळ लिहिणारास किती अधिक आवश्यक असावी! कालिदासाच्या श्लोकाचा अर्थ भलता लावल्यास टीकाकारास कोणी जमीन देत नाहीं. परंतु वंशावळींत एक नांव भलतें घातल्यास कधीं जमीन मिळते, कधीं मान मिळतो, आणि निदान स्वतःच्या मनाचें समाधान तर खात्रीनें होतें. याच दृष्टीनें आज या सदरांत इंग्लंडांतील एका जमीनदार घराण्याची हकीकत देण्याचें योजिलें आहे.

आपल्याकडे कुळाचा शोध करणारा गृहस्थ त्र्यंबकेश्वरास जाऊन तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडतो. इंग्लंडांत मध्ययुगांतील घराण्याचा शोध करणारास जमिनीचे कागद उघडावे लागतात. कारण बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी गांवोगांवच्या चर्चमध्यें ठेवण्याचा हुकूम तेथें १५३८ सालीं झाला. त्यापूर्वींच्या काळास जमीन हाच साक्षीदार. नॉर्मंडीच्या विल्यमनें १०६६ सालीं इंग्लंड जिंकलें व १०८६ सालीं देशांतील बहुतेक जमिनीची पाहणी करविली. कोणतें गांव आतां कोणाकडे व पूर्वीं कोणाकडे, नांगर किती, पाणचक्क्या किती, असें सर्व त्या पाहणीच्या ग्रंथांत लिहिलेलें आहे. तेव्हांपासून, आपला मूळपुरुष विल्यमबरोबर समुद्र ओलांडून आला असें म्हणण्याची हौस इंग्रज घराण्यांस जडली.

या हौसेस लगाम घालणारे कागदही आहेत. राजाकडून थेट जमीन धरणारा मनुष्य वारला म्हणजे राजाचा अधिकारी स्थानिक पंच बसवून त्यांस शपथेवर विचारी : मयताकडे कोणती जमीन होती, ती कोणत्या सेवेच्या बदल्यांत होती, तिचें उत्पन्न काय, मृत्यु कोणत्या दिवशीं झाला, वारस कोण व त्याचें वय किती? तेराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंतच्या अशा चौकशांचे कागद उपलब्ध आहेत. वारस अज्ञान असल्यास त्याची जमीन व त्याच्या विवाहाचा अधिकार राजाकडे जाई. म्हणून वयास इतकें महत्त्व. वारस सज्ञान झाला म्हणजे पुन्हां साक्षी होत. कोणी सांगे, त्याच दिवशीं मला मुलगा झाला; कोणी सांगे, त्याच दिवशीं माझा पाय मोडला. वाचतांना मोठी गंमत वाटते. परंतु त्याच आठवणी निरनिराळ्या गांवांच्या साक्षींत पुनःपुन्हां येऊं लागल्या, तेव्हां त्यांपैकीं पुष्कळ सांचेबंद असाव्या असें अभ्यासकांच्या ध्यानीं आलें. सरकारी कागद झाला म्हणून तो डोळे मिटून घ्यावा असें नाहीं.

एक गोष्ट मात्र या चौकशांत आपण शिकण्यासारखी आहे. पुत्र नसल्यास जमीन सर्व मुलींस समभाग जाई. त्यामुळें त्या मुलींचीं नांवें, वयें व यजमानांचीं नांवें तेथें लिहिलेलीं सांपडतात. आपल्या वंशावळींत मुलगी बहुधा लिहिलीच जात नाहीं.

आतां पास्टन घराणें. नॉरफोक परगण्यांत समुद्रकांठीं पास्टन नांवाचें खेडें आहे. तेथील क्लेमंट पास्टन १४१९ सालीं वारला. त्याच्याविषयीं घराण्याच्या शत्रुपक्षानें लिहिलेलें एक टिपण उपलब्ध आहे. त्यांत म्हटलें आहे कीं, हा क्लेमंट स्वतः नांगर धरी. धान्याचें पोतें खालीं घालून खोगिराशिवाय घोड्यावर बसून दळणास जाई. त्याची जमीन फार तर शंभर-एकशेंवीस एकर, तीही बरीचशी वेठीच्या अटीची. आणि त्याची बायको तर जन्मानें वेठबिगारी कुळांतली. परंतु त्याच टिपणांत असेंही आहे कीं, या मनुष्यानें कर्ज काढून आपल्या मुलास शाळेंत घातलें, आणि पुढें त्या मुलाच्या वकील मामानें त्याच्या कायद्याच्या शिक्षणाचा खर्च केला. लिहिणारानें हें निंदा म्हणून लिहिलें. जन्मभर मुलें शिकविलेल्या माझ्यासारख्यास ती स्तुति वाटते.

तो मुलगा विल्यम. तो १४२९ सालीं न्यायाधीश झाला, त्यानें गांवेंच्या गांवें विकत घेतलीं, आणि १४४४ सालीं तो वारला. त्याचा मुलगा जॉन हाही कायदेपंडित. सर जॉन फास्टॉल्फ नांवाचा वृद्ध व धनाढ्य योद्धा १४५९ सालीं निपुत्रिक वारला. मृत्यूच्या दोन दिवस आधीं त्यानें आपली नॉरफोक व सफोक येथील सारी स्थावर मिळकत मला दिली, असें जॉननें पुढें मांडलें. त्यांत केस्टरचा किल्लाही आला. मग काय विचारतां! वर्षानुवर्षें कज्जे चालले, जॉनला तीनदां कारागृह भोगावें लागलें, आणि शेवटीं शत्रूंनीं त्याच्या कुळावरच घाव घातला : हे पास्टन मुळांत वेठबिगार. ही केवळ शिवी नव्हती. वेठबिगाराची मालमत्ता कायद्यानें त्याच्या धन्याची. तेव्हां आरोप सिद्ध झाल्यास घरदार सर्वच जावयाचें.

तेव्हां पास्टनांनीं जुने दस्तऐवज व वंशावळ राजापुढें ठेविली. तींत मूळपुरुष वुल्स्टन हा फ्रान्सांतून आला असें होतें. गंमत अशी कीं, वुल्स्टन हें नांव नॉर्मन नसून अस्सल जुन्या इंग्रजी वळणाचें आहे. तथापि चौथ्या एडवर्ड राजानें जुलै १४६६ मध्यें पास्टन हे पुरातन काळापासूनचे कुलीन गृहस्थ असल्याचें जाहीर केलें. ज्यानें हें सारें आरंभिलें तो जॉन मात्र त्याच सालच्या मे महिन्यांत निवर्तला होता. पुढें १४६९ सालीं नॉरफोकच्या ड्यूकनें केस्टरला वेढा घालून किल्ला घेतला. तो १४७६ सालीं, ड्यूकच्या मृत्यूनंतर, पास्टनांस परत मिळाला.

हें सर्व आपणांस इतकें बारकाईनें कळतें, तें त्या घराण्याच्या पत्रव्यवहारामुळें. त्यांतील जॉनची पत्नी मार्गरेट हिचीं पत्रें विशेष वाचनीय आहेत. १४४८ सालीं मिळकतीच्या एका तंट्यांत घरावर हल्ला होण्याची भीति असतां तिनें यजमानांस लिहिलें कीं, क्रॉसबो नांवाचीं आडवीं धनुष्यें व परशु पाठवावे. आणि त्याच पत्रांत एक रत्तल बदाम, एक रत्तल साखर व मुलांच्या झग्यांसाठीं कापडही मागविलें! गृहिणीचें चित्त किती ठिकाणीं असतें हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको.

याच मार्गरेटची कन्या मार्जरी हिनें घरच्या कारभाऱ्याशीं गुप्तपणें वचनबद्ध होऊन विवाह केला. त्या काळच्या चर्चच्या नियमाप्रमाणें उभयतांनीं परस्परांस दिलेलें वचन हाच विवाह. आपल्या गांधर्व विवाहाची येथें आठवण होते. १४६९ सालीं धर्माधिकाऱ्यानें मुलीस बोलावून, नेमके कोणते शब्द बोललीस, असें विचारलें. ती डगमगली नाहीं. आईनें तिला घराचें दार बंद केलें. परंतु त्याच आईनें पुढें आपल्या मृत्युपत्रांत मार्जरीच्या मुलास वीस पौंड ठेविले. वीस पौंडांच्या त्या एका ओळीनें मुलगी वंशावळींत परत आली.

पास्टनांस १६७९ सालीं अर्ल ही मोठी पदवी मिळाली आणि १७३२ सालीं पुरुषवंश नसल्यामुळें ती बुडाली. घरचे कागद विकले गेले, हातोहात फिरले, आणि १७८७ सालीं त्यांचे पहिले दोन भाग छापून प्रसिद्ध झाले. आज वुल्स्टनवर कोणी विश्वास ठेवीत नाहीं; कर्ज काढून मुलास शाळेंत घालणारा क्लेमंट मात्र सर्वांच्या ध्यानांत आहे.

आमच्या घरची वंशावळ कांहीं वर्षांपूर्वीं मींच जुळविली. तींत पणजोबांच्या नांवापुढें "विद्वान व सत्पात्र गृहस्थ" असें मीं लिहिलें. ते एका वाड्यांत स्वयंपाकी होते, आणि त्या चुलीवरच्या मिळकतींतून त्यांनीं माझ्या आजोबांस पुण्यास ठेवून शिकविलें, हें वडिलांनीं मला स्पष्ट सांगितलें होतें. मुलें शिकवितांना खोडाखोड केलेली पाटी मीं कधीं खपवून घेतली नाहीं; येथें मात्र स्वतःच खोडलें. गेल्या आठवड्यांत पुतण्यास बसवून तें पान पुन्हां लिहविलें. पणजोबांच्या नांवापुढें आतां "स्वयंपाकी" असें आहे, आणि तीन आत्यांचीं नांवेंही आहेत. चौथ्या आत्याचें नांव घरांत कोणास आठवेना; तिची जागा रिकामी ठेविली आहे. वाचकांनीं आपापल्या घरीं, वडील माणसें हयात आहेत तोंवर, हें एकदां विचारून घ्यावें.