साधंच तर पाखरू

सोलापूरच्या नवी पेठेत मी वर्षातून चार-पाच वेळा तरी जातोच. लग्नाचा बस्ता असो, नातवाची कापडं असोत नाहीतर मोबाईलचं काही बिघडलेलं असो, आमच्या बाजूची माणसं बार्शी रोडच्या एस.टी.तून उतरली की पाय आपसूक तिकडंच वळतात. दोन वर्षांखाली असाच फोन घेऊन गेलो. सारखा अडकायचा, बोट लावलं तरी हलायचा नाही. दुकानातल्या पोरानं तो हातात घेतला, अंगठ्यानं सरासरा वर-खाली केला आणि हसला.

"काका, फोन भरलाय की. दोन हजार सहाशे फोटो हायत. सगळं गवत, किडं, पाखरं. काय करायलाव ह्याचं? उडवू का?"

उडवू म्हणजे दुसरीकडं काढून ठेवतो, असं मला वाटलं. मी हो म्हणालो. चहा येईपर्यंत काम झालं होतं. फोन हातात देताना त्यानं धीरही दिला. "घरातल्या माणसांचे सगळे ठेवलेत बघा. कामाचं काही गेलं न्हाई."

पोरावर माझा राग नाही. हो मीच म्हणालो होतो. पण 'कामाचं काही गेलं नाही' हे त्याचं वाक्य मी त्याच्या आधी पारावर ऐकलंय, भावकीत ऐकलंय आणि दोन-दोन लाखांचे कॅमेरे गळ्यात अडकवून आमच्या माळावर येणाऱ्यांकडूनही ऐकलंय. शब्द वेगळे, मतलब एकच. साधंच तर पाखरू आहे, त्याचा कसला फोटो काढता? त्या वाक्याशी माझं भांडण आहे.

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. निसर्ग हा शब्द आमच्याकडं निबंधातच असायचा. लेकीनं नवा फोन घेतला तेव्हा जुना मला दिला. त्यावर पहिला फोटो काढला तो कडवंचीचा. बांधावरची वेल, बोटाच्या पेराएवढी फळं, पावसाळ्यात दोन-चार आठवडे मिळणारी कडू भाजी. आमच्या आईच्या हातची कडवंची खाल्लेल्या माणसाला बाजारचं कारलं गोड लागावं. तो फोटो पुण्याच्या भाच्याला पाठवला. त्यानं फोनमध्ये आयनॅचरलिस्ट म्हणून एक ॲप घालून दिलं. त्यात फोटो टाकला की झाडाचं, किड्याचं, पाखराचं नाव सुचवतं, मग कुठली कुठली जाणती माणसं बघून बरोबर की चूक ते सांगतात. फुकट आहे. सुरुवातीला मी त्याची परीक्षाच घेत होतो. तरवड दाखवला, ओळखला. आघाडा, माका, पाथरी ओळखली. माळावरच्या एका गवतापुढं मात्र पार गांगरलं, तीन वेळा तीन नावं सांगितली. मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता निळ्या पाखराचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे.

आमच्या खालच्या तुकड्यात बांधावर एक वाळलेली बाभूळ उभी होती. बुंध्याला माणसाच्या उंचीच्या वर एक ढोल. चैत्रात त्या बाभळीवर बसलेल्या एका पाखराचा फोटो मी काढला. मातकट तपकिरी, डोकं मोठं, दिसायला काही खास नाही. त्याच आठवड्यात तिथंच उडणाऱ्या एका पाखराचा फोटो निघाला. पंख उघडल्यावर असा निळा, की पैठणीचा काठ झक मारावा. दोन वेगळी पाखरं म्हणून मी दोन्ही फोटो ठेवून दिले. नावाच्या भानगडीत पडलो नाही. रानात काम होतं.

वैशाखात जेसीबी आला. बांध सरळ करायचा होता, ठिबकची लाईन टाकायची होती. बाभूळ आडवी येत होती. मीच म्हणालो, वाळलेलीच हाय, काढा. दहा मिनिटांत आडवी झाली. सरपण चार महिने पुरलं.

दिवाळीत भाचा आला, त्यानं फोटो चाळले आणि म्हणाला, "मामा, ही दोन नाहीत, एकच आहे. नीलपंख. बसला की मातकट, उडाला की निळा. ह्यालाच चास म्हणतात. दसऱ्याला दिसला तर शुभ मानतात, तोच." मग त्यानं विचारलं, "ढोलीत घरटं होतं का?" नीलपंख झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, तेही उन्हाळ्यातच, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्याला काही बोललो नाही. सरपणाच्या ढिगातला तो ढोलीचा ओंडका कधीच चुलीत गेला होता. फोडताना आत काही होतं का, हे मी पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून आमच्या रानात नीलपंख नाही. ते दोन फोटो होते. तेही नवी पेठेत गेले.

म्हणून कुणी मला 'ओळख पटवून काय करायचंय' म्हणालं की माझं डोकं फिरतं. नाव माहीत असतं तर मी ती बाभूळ जूनपर्यंत तरी ठेवली असती. लाईन पाच हात वाकडी गेली असती, दुसरं काय झालं असतं? नीलपंख नाकतोडे खातो, भुंगेरे खातो. तारेवर बसून दिवसभर आमच्या पिकाची राखण करतो, पगार मागत नाही. त्याला ओळखत नव्हतो म्हणून मी त्याला घराबाहेर काढला. शेजाऱ्याचं नाव माहीत नसलं की त्याची भिंत पाडताना हात थरथरत नाही.

आता कॅमेरेवाल्यांकडं वळतो. सगळे तसले नसतात. काही इतके सालस असतात, की बांधावरून पुढं पाऊल टाकताना विचारतात. पण जे तसले असतात, ते आमच्या इकडं एकाच गोष्टीसाठी येतात. माळढोक. तो नाही दिसला तर लांडगा, तो नाही तर काळवीट. वाटेत टिटवी ओरडून जीव काढते, चंडोल आभाळात टांगल्यासारखा गात असतो, खाटीक बोराटीच्या काट्याला टोळ टोचून ठेवतो, तिकडं मान वळत नाही. एकानं तर फोनवर तित्तराच्या नराचा आवाज वाजवला. नर वैऱ्याला हुसकायला उघड्यावर आला, की ह्यांना फोटो. विणीच्या दिवसांत त्या बिचाऱ्याला दहा वेळा खोट्या भांडणाला पळवलं. मी म्हणालो, साहेब, तुमच्या दारात कुणी असं रोज येऊन शिव्या दिल्या तर घरात लक्ष लागेल का? तर म्हणतात, "काका, तित्तरच आहे, साधा." जेवायला मात्र आमच्याच वस्तीवर बसले.

साधा! माळढोकसुद्धा एकेकाळी साधाच होता. लहानपणी माळावर गुरं राखताना आम्ही त्याला पाहायचो. पंधरा किलोपर्यंत भरणारं धूड, रुबाबात चालणारं, लांबून कुणाला बकरं वाटावं. त्याचं कौतुक नव्हतं. कोण कौतुक करणार, रोजचाच तर होता. १९७२ च्या दुष्काळात माणसालाच खायला नव्हतं, तिथं पाखराकडं कोण बघतं. मग १९७९ साली अभयारण्य झालं. आठ हजार चारशेहून जास्त चौरस किलोमीटर! त्यात माळ आला, गावं आली, रस्ते आले, उसाचे फड आले. जमिनीचे व्यवहार अडले, लेकीच्या लग्नाला एकर विकायचं तर कागद हलेना. गावोगाव माळढोक हा शब्द शिवीसारखा झाला. पुढं सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन ते क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. पण तोपर्यंत माळ नांगरले गेले होते, कॅनॉलचं पाणी आलं होतं, ऊस आला होता. ऊस मीही लावला. वर्षाला बहुतेक एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर, असा पक्षी ह्यात टिकणार कसा? आज नान्नजला तो दिसला तर पेपरात बातमी येते. साधा होता तेव्हा कुणी मोजला असता, ओळखला असता, गावाला त्याच्याशी वैर धरायला लावलं नसतं, तर ही पाळी येती का?

चिमणीचंही तसंच. तिच्यासाठी आता २० मार्च हा जागतिक दिवस आहे, २०१० पासून. आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावरांनी तो सुरू करण्यात पुढाकार घेतला. दिवस साजरा करावा लागतो म्हणजे काय झालं असेल, समजून घ्या.

आणि हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल आला. तो उभा राहिला तो देशभरच्या तीस हजारांच्या आसपास हौशी लोकांच्या नोंदींवर. आज इथं इतके कावळे, इतके होले दिसले, एवढंच लिहिणारी माणसं. त्यातून ९४२ जातींचा हिशेब निघाला. त्यात आमचा नीलपंख उतरणीला लागलेल्यांत आहे, त्याच्याकडं नव्यानं लक्ष द्यावं असं त्यात म्हटलंय. साध्या पाखराच्या साध्या नोंदी नसत्या तर हे कळलं कशावरून असतं? मोर वाढलेत, हेही त्यातच आहे. ते सांगायला अहवाल कशाला, माझा भुईमूग बघायचा.

आमचे लोक म्हणतात, हे पोट भरलेल्यांचे धंदे. माझंही पोट सोसायटीच्या कर्जावरच भरतं. फोटो काढायला मी वेगळा वेळ काढत नाही. दारं धरताना, वैरण कापताना समोर येईल ते टिपतो. तणनाशकाची टाकी पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यानं तर आधी ओळखायलाच पाहिजे. सरसकट मारलं म्हणून आमच्या बांधावरची कडवंची दोन वर्षं दिसली नाही. मग तीच कडवंची बाजारात पावशेराच्या भावानं विकत आणली, तेव्हा घरातून जे ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही. धामण दिसली की विषारी म्हणून ठेचायची आणि वर उंदरांनी ज्वारी खाल्ली म्हणून बोंबलायचं, ह्यालाही मग शहाणपण म्हणायचं का?

ॲपशीही माझं एक भांडण आहेच. ते नाव सांगतं ते इंग्रजीत नाहीतर लॅटिनमध्ये. तरवडाच्या इंग्रजी नावात कातडी कमावणारा येतो, कारण त्याची साल त्या कामाला लागायची. हे आमच्या गावातल्या ढोर समाजातल्या म्हाताऱ्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ती नावं, ती माहिती विचारायला कुणी आलं नाही आणि आता सांगणारी माणसं एकेक करून जाताहेत. ह्याची जाण असलेला मोठा माणूस आपल्या सोलापूरचाच होता. मारुती चितमपल्ली. जन्म इथलाच, १९३२ चा. वनखात्यात उभी हयात घालवली आणि जंगलातल्या माणसांच्या तोंडची नावं, शब्द गोळा केले. पक्षीकोश केला. शेवटची वर्षं सोलापुरातच होते, २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, राज्यात पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात शाळेतल्या भिंतीवर फ्लेमिंगोचं चित्र लागतं. शाळेच्या आवारातल्या लिंबावर सातभाई कालवा करत असतात, त्यांचं नाव पोरांना येत नाही. मास्तरांनाही येत नाही, पण मास्तरांना ते चालतं.

फोटो गेल्यावर मी नवी पेठेतूनच दोनशे पानी वही घेतली, आणि पुढच्या खेपेला मेमरी कार्डही. वहीत तारीख, जागा, आमच्या तोंडचं नाव, मग भाच्यानं सांगितलेलं नाव. 'माहीत नाही' असं लिहिलेली पानंही बरीच आहेत. परवा चार्जर बदलायला त्याच दुकानात गेलो तर पाटीच्या मागं साळुंकीनं घरटं केलेलं. पोराला विचारलं, हे कोण रे? त्यानं काउंटरवरून मान बाहेर काढली. "चिमणी असेल की." मी नाव सांगितलं, वहीत लिहिलं, त्याला दाखवलं. त्यानं आपल्या फोनवर तिचा फोटो काढला. हललेला आला. दुसरा काढला.

नीलपंखाची ह्या वर्षी दसऱ्यापर्यंत वहीत एकच नोंद आहे. ती आमच्या रानातली नाही, पाकणीच्या बाजूला रस्त्याकडेच्या तारेवरची.