सेंट अँड्र्यूजची सोडत

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी कुंपण येतं. गेट, गेटवरचा वॉचमन, मेंबरशिपची पाटी, आत हिरवळ आणि बाहेर आपण. त्यामुळे हा खेळ ज्या गावात वाढला तिथलं सर्वात जुनं मैदान सार्वजनिक आहे, हे सांगितलं तर कुणाला चटकन पटत नाही. ते गाव म्हणजे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं सेंट अँड्र्यूज. पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही चार मित्र तिथे जाणार आहोत. जायचं यावर एकमत आहे, पण कसं जायचं यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन महिने वाद चालला आहे.

पुण्याचा डॉक्टर मित्र म्हणतो, टूर कंपनीचं पॅकेज घ्या, ओल्ड कोर्सवरची वेळ आधीच पक्की करा आणि मोकळे व्हा. एडिनबरोत नोकरी करणारा म्हणतो, सोडतीत नाव घाला. तिसरा शाळेत शिक्षक आहे. तो वर्षभर विमानाच्या तिकिटासाठी पैसे बाजूला काढतो आहे आणि पॅकेजचा विषय निघाला की ग्रुपवर गप्प होतो. चौथा मी. मी सोडतीच्या बाजूचा आहे, आणि ते फक्त खर्चासाठी नाही.

या मैदानाचा इतिहास म्हणजे एका गायरानाचा इतिहास आहे. समुद्रकाठची ही वाळूची, खुरट्या गवताची जमीन शेतीच्या कामाची नव्हती. गुरं चरायची, लोक कपडे वाळत घालायचे, पोरं चेंडू मारायची. १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनने तिथे ससे पाळण्याची परवानगी घेतली, तेव्हा या जमिनीवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क त्याला सनदेत मान्य करावा लागला. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस नगरपालिकेचं दिवाळं निघालं आणि तिने ही जमीन विकून टाकली. ती सशांचा धंदा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी मैदान पोखरलं, खेळणारे चिडले, गावकरी ससे मारू लागले आणि प्रकरण कोर्टात गेलं. ते वीसेक वर्षं चाललं. शेवटी १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या गोल्फ खेळणाऱ्या जमीनदाराने जमीन विकत घेतली तेव्हा सशांचा त्रास संपला. १८९४ मध्ये संसदेत खास कायदा झाला आणि जमीन नगराकडे परत आली. १९७४ च्या कायद्यानंतर एक ट्रस्ट तिचा कारभार पाहतो.

आपल्याकडे गायरान एकदा हातातून गेलं की सहसा परत येत नाही. इथे आलं. आणि पहिल्या टीमागे जी दगडी रुबाबदार इमारत फोटोत दिसते, त्या रॉयल अँड एन्शंट क्लबच्या मालकीचं हे मैदान नाही. क्लब १७५४ चा आहे, पण मैदानापुढे तोही पाहुणाच. (या क्लबने बायकांना सभासद करून घ्यायला २०१४ साल उजाडावं लागलं. तेव्हा सगळंच गोडगोड आहे असा कुणी समज करून घेऊ नये.)

आता सोडत. ओल्ड कोर्सवर खेळायचं तर हँडिकॅपचा दाखला लागतो, आणि आदल्या वर्षी वेळ पक्की केलेली नसेल तर खेळण्याच्या दोन दिवस आधी नाव द्यावं लागतं. संध्याकाळी निकाल लागतो. नाव देण्याचे पैसे नाहीत. लागलं तरच शुल्क, तेही एका फेरीला माणशी ३०० पौंडांच्या वर. म्हणजे हे काही गरिबांचं मैदान नाही. नगरवासीयांना वर्षाचा पास स्वस्तात मिळतो, पाहुण्यांकडून भरपूर घेतात, आणि ते मला योग्यच वाटतं. पण चिठ्ठी निघताना पुण्याचा सर्जन आणि डंडीचा बसचालक यांत फरक होत नाही. म्हाडाच्या सोडतीसाठी वर्षानुवर्षं अर्ज भरणाऱ्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको.

डॉक्टरचा मुद्दा मी उडवून लावत नाही. तो म्हणतो, ‘अरे, सात समुद्र ओलांडून जायचं आणि चिठ्ठी निघाली नाही म्हणून बाहेरून फोटो काढून परत यायचं?’ त्याची रजा वर्षातून एकदाच मंजूर होते. खात्रीला किंमत असते आणि ती मोजायला तो तयार आहे. पण त्या पॅकेजमध्ये हॉटेल, गाडी, आणखी दोन मैदानं असं सगळं गळ्यात पडतं आणि आकडा फेरीच्या शुल्काच्या कितीतरी पट होतो. ते परवडणारे आमच्यात दोघे आहेत. म्हणजे सहल चौघांची ठरवायची आणि मैदानावर दोघांनी उतरायचं. मग मित्रांबरोबर जाण्याला अर्थ काय राहिला?

शिवाय एकदा वेळ विकत घेतली की बाकीचं गाव त्या चार तासांची वाट पाहण्याची जागा होऊन जातं. तिथे पाहायला पुष्कळ आहे. ट्रस्टकडे एकूण सात मैदानं आहेत. त्यातलं बाल्गोव्ह नऊ होलचं, नवशिक्यांसाठीच केलेलं. शिक्षक मित्र आणि मी तिथेच शोभू. ओल्ड कोर्सला लागून पटिंगची एक उंचसखल हिरवळ आहे, तिचं नाव चक्क ‘हिमालयाज’. ती १८६७ मध्ये स्थापन झालेल्या बायकांच्या पटिंग क्लबची आहे. त्या काळी भल्या घरच्या बाईने क्लब खांद्यावर नेऊन जोरात चेंडू मारणं शोभत नाही असं मानत. मग त्यांनी आपला वेगळाच खेळ उभा केला. आज दोन-चार पौंड देऊन कुणीही तिथे खेळू शकतं.

आणि रविवार. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. मोठी स्पर्धा असेल तेवढाच अपवाद. त्या दिवशी जगभरचे गोल्फवाले ज्यासाठी झुरतात त्या गवतावर गावातले लोक कुत्री घेऊन फिरतात, पोरं पळतात, म्हाताऱ्या बाया स्विल्कनच्या छोट्या दगडी पुलावरून आरामात चालत जातात. एरवीही पहिल्या आणि अठराव्या होलवरून एक सार्वजनिक रस्ता आडवा जातो. माणसं ओलांडेपर्यंत खेळाडूने थांबायचं. म्हणून आमच्या मुक्कामात एक रविवार असलाच पाहिजे असा माझा आग्रह आहे. सोडत नाही लागली तरी त्या दिवशी आम्ही चौघे अठराच्या अठरा होल चालू शकतो, फुकट.

राहायचं कुठे, हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि ग्रुपवर त्याची सर्वांत कमी चर्चा झाली. सेंट अँड्र्यूज हे आधी विद्यापीठाचं गाव आहे. विद्यापीठ १४१३ चं. गावाची वस्ती २० हजारांच्या आत आणि त्यात विद्यार्थीच १० हजारांच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये त्यांच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात आणि नेमके तेव्हाच गोल्फवाले येऊ लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत वसतिगृहाच्या खोल्या पाहुण्यांना मिळतात, वसंतात नाही. मग फ्लॅट शोधले जातात. आठवड्याच्या भाड्याने गोल्फवाल्यांना दिलेला फ्लॅट वर्षभरासाठी विद्यार्थ्यांना मिळत नाही, कारण घरमालकाला पहिला व्यवहार परवडतो. २०२२ मध्ये घरांची इतकी टंचाई झाली की विद्यापीठाला काही विद्यार्थ्यांची सोय डंडी शहरात करावी लागली. स्कॉटलंडने अशा अल्पकालीन भाड्याच्या घरांना आता परवाना सक्तीचा केला आहे, पण परवाना घेऊनही फ्लॅट तोच आणि गिऱ्हाईकही तेच.

पुण्यात कॉट बेसिसवर राहून शिकलेल्या आम्हा चौघांना हे गणित कुणी शिकवायची गरज नाही. डॉक्टरने परवा मैदानाला लागून असलेल्या एका फ्लॅटची लिंक पाठवली होती. तीन खोल्या, खिडकीतून समुद्र. मी उत्तरात डंडीतल्या एका साध्या हॉटेलची लिंक पाठवली. डंडी तिथून वीसेक किलोमीटर. ९९ नंबरची बस ल्यूकर्स स्टेशनवरून गावात जाते. गावातलं स्वतःचं स्टेशन १९६९ मध्येच बंद झालं, तेव्हा रेल्वेने येणाऱ्यालाही ल्यूकर्सलाच उतरावं लागतं. सकाळी बसमध्ये अर्धा तास जाईल. त्याच बसने विद्यार्थीही वर्गाला जात असतात. शिक्षक मित्राने हॉटेलच्या लिंकवर अंगठा दाखवला आहे. डॉक्टरने अजून काही लिहिलेलं नाही.