आफ्रिकेची वाट, उधन्याहून हल्याळला

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास पाहायला लोक मेम्फिसला जातात. मार्टिन ल्यूथर किंग १९६८ साली जिथे गोळीला बळी पडले, ते मोटेल आता संग्रहालय आहे. हे वाचून मी ह्यांना म्हटलं, आफ्रिकेतून माणसं आपल्याकडेही आली. या दिवाळीत तीच वाट धरू या.

वाट घराजवळच सुरू होते. सुरतेचा किल्ला इंग्रजांनी १७५९ मध्ये घेतला, तो सिद्दींकडून. मग अंकलेश्वरमार्गे रतनपूर: अकीकच्या खाणी, बावा गोरचा दर्गा. परत येऊन उधन्याहून जळगावची गाडी, पुढे एसटीने खुलताबाद. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना त्याने दमवलं. १६२६ ला वारला, कबर तिथेच आहे.

शेवटचा मुक्काम माझं माहेर, हल्याळ. पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटून गोव्याहून रानात शिरलेल्यांचे वंशज तिथे, यल्लापुरात, खानापूरकडे राहतात. बोली कोकणी, त्यात आपली मराठी-कन्नड मिसळलेली. २००३ साली हल्याळ-यल्लापूरकडच्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. कॅमेरा रोखत वस्तीत शिरायचं नाही, हे ह्यांना आधीच बजावलंय. ती काही प्रदर्शनातली माणसं नव्हेत. वहिनीकरवी निरोप धाडलाय. सिद्दी बायका जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं असतात. अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकाही जुन्या कपड्यांतूनच गोधड्या शिवत आल्या. त्या आज मोठ्या संग्रहालयांत टांगल्यात. त्यांची चित्रं सोबत नेतेय. कवंदी मात्र घेईन ती त्या सांगतील त्या किमतीला, घासाघीस न करता.