इंग्रजीचा तास आणि भीतीचे वर्गीय स्वरूप

लहान मुलांना इंग्रजी शिकविताना त्यांच्या भावनांचा विचार झाला पाहिजे, हे वाक्य आता शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत नेमाने उच्चारले जाते. शिक्षकाने हसतमुख असावे, गाणी म्हणावीत, टाळ्या वाजवाव्यात, चुकणाऱ्या मुलावर रागावू नये. म्हणजे भीती जाईल आणि इंग्रजी येईल, असे या उपदेशाचे सार असते. त्यात चुकीचे काही नाही, परंतु अपुरेपणा मोठा आहे. मुलाच्या मनातील भीती जणू वर्गाच्या चार भिंतींत जन्मास येते आणि तेथेच मरते, असे हा उपदेश गृहीत धरतो. ही भीती येते कोठून, ती कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या येत नाही, हा प्रश्न तो विचारीत नाही. तो विचारणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे. आणि खेदाने म्हणावे लागते, की तो आपणही पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही.

कारखान्यातील बोल, शाळेतील मौन

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर अशाच एका कारखान्यात बसलो असता घरातील नऊदहा वर्षांची मुलगी मला माहिती देत होती. कोणती ऑर्डर पुण्याची, कोणत्या मूर्तीचे फिनिशिंग राहिले आहे, कोणत्या व्यापाऱ्याचे पेमेंट अडकले आहे, कोणता कलर स्प्रेने मारायचा आणि डोळ्यांची आखणी मात्र हातानेच का करायची, हे ती न अडखळता सांगत होती. तिच्या प्रत्येक वाक्यात दोनतीन इंग्रजी शब्द होते आणि त्यांपैकी एकाचेही तिला ओझे नव्हते. दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला तिला तिचे स्वतःचे नाव इंग्रजी वाक्यात सांगण्यास सांगितले, तेव्हा ती पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभी राहिली. गुरुजी रागावले नाहीत. ते भले गृहस्थ होते. तरीही ती बोलली नाही.

एका रात्रीत या मुलीची बुद्धी कमी झाली नव्हती. कारखान्यात तिच्या बोलण्याला काम होते, मान होता, ऐकणारे माणूस होते. तेथे चुकीचा उच्चार केल्याने ऑर्डर रद्द होत नाही. शाळेत मात्र तेच शब्द परीक्षा होऊन तिच्यासमोर उभे राहिले, आणि बोलण्याआधीच आपण चुकणार हे तिने मनाशी ठरवून टाकले.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अनुभवाची उपपत्ती मांडली आहे. भीती, लाज आणि आत्मविश्वासाचा अभाव यांची एक चाळण शिकणाऱ्याच्या मनात तयार होते. ती दाट झाली की कानावर पडलेली भाषा आत उतरत नाही, असे त्यांचे म्हणणे. या सिद्धान्ताच्या तपशिलाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु भयभीत मूल भाषा शिकत नाही, हे कळण्यासाठी कोणत्याही शिक्षकाला अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. आपला आक्षेप वेगळा आहे. ही चाळण व्यक्तीच्या मनात असते हे खरे, पण तिची वीण समाज विणतो; आणि सगळ्यांसाठी ती सारखी विणीत नाही.

लाजेचा पहिला धडा मराठीतच

पेणच्या खारपट्ट्यातील आगरी घरातले मूल सहाव्या वर्षी शाळेत येते, तेव्हा त्याच्यापाशी एक भरघोस भाषा असते. भरतीओहोटी, मीठ, मासळी आणि भाताची शेती यांच्या शब्दांनी ती समृद्ध असते. ते ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते, ‘घोडा’ला ‘घोरा’ म्हणते. पहिल्याच आठवड्यात त्याला सांगण्यात येते, की हे अशुद्ध आहे. आई जे बोलते ते चूक, आजी ज्या भाषेत रागावते आणि कुरवाळते ती भाषा गावंढळ. आपली भाषा, म्हणजे आपले घर, म्हणजे आपण स्वतः कमी प्रतीचे आहोत, हा धडा त्या मुलाला इंग्रजीने दिलेला नाही. तो प्रमाण मराठीच्या नावाने आपणच दिला आहे. इंग्रजी येते ती या आधीच झालेल्या जखमेवर.

कातकरी मुलाची स्थिती याहून कठीण. पावसाळा सरला की त्याचे आईबाप वीटभट्टीवर जातात आणि मूल त्यांच्यामागून जाते. शाळेच्या वर्षाचा मोठा भाग भट्टीवर सरतो. परत आल्यावर त्याला घरच्या कातकरी बोलीहून निराळी मराठी आणि त्या मराठीहूनही निराळी इंग्रजी एकदमच भेटतात. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याचे कलम २९ सांगते, की मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त राहील असे शिक्षण असावे, आणि शक्य तेथवर ते मातृभाषेत असावे. कायदा उत्तम आहे. परंतु ज्याचे घरच दर वर्षी उचलून दुसरीकडे नेले जाते, त्याला भयमुक्त करण्यास टाळ्यांची गाणी पुरणार नाहीत. त्याच्या बापाची भट्टीमालकाच्या उचलीतून सुटका होणे हासुद्धा इंग्रजीच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे, असे म्हटले तर शिक्षणतज्ज्ञ हसतील. आपण हसू नये.

रोह्याचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. मराठी आणि संस्कृतावर पोसलेला हा मुलगा पुढे १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिला आला आणि इंग्रजीत कोणास हार गेला नाही. आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा देण्याइतका तो मराठीही राहिला. मातृभाषेचा पाया भक्कम असला की इंग्रजी आपोआप येते, असा निष्कर्ष या उदाहरणावरून पुष्कळ जण काढतात. तो अर्धाच खरा आहे. त्या मुलाच्या पाठीशी जमीनदार घराणे होते, वकील वडील होते. चुकलो तर आपले काय होईल, ही चिंता त्याला नव्हती. निर्भयतासुद्धा वारसाहक्काने मिळते, हा या उदाहरणाचा दुसरा अर्धा अर्थ. त्याच रोह्यालगत धाटावच्या रासायनिक कारखान्यांत आज कंत्राटी कामगार म्हणून राबणाऱ्याच्या मुलाला हा वारसा कोणी द्यायचा?

भिणारा शिक्षक

भीतीची ही उतरंड मुलापाशी थांबत नाही. महाराष्ट्र शासनाने २००० सालच्या जूनपासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. हेतू चांगला होता. श्रीमंतांच्या मुलांना जे तिसऱ्या वर्षी मिळते, ते गरिबांच्या मुलांना सहाव्या वर्षी तरी मिळावे, ही मागणी न्यायाचीच होती. परंतु ज्या शिक्षकांवर हे काम सोपविले, त्यांतील बहुसंख्यांनी स्वतः पाचवीत इंग्रजी मुळाक्षरे गिरविली होती आणि ती भाषा बोलण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच आला होता. त्यांच्या हाती बालभारतीचे पुस्तक दिले, काही दिवसांचे प्रशिक्षण दिले आणि सांगितले, की आता मुलांची भीती घालवा. जो स्वतः भितो, तो दुसऱ्याची भीती कशी घालवील? तो पुस्तकाचा आश्रय घेतो. शब्द फळ्यावर लिहितो, मुलांकडून एका सुरात म्हणवून घेतो, अर्थ मराठीत सांगतो आणि घंटेची वाट पाहतो. त्या शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. पण दोन वर्ग एकत्र घेऊन, पोषण आहाराचा हिशेब आणि माहितीचे तक्ते भरून, वर निवडणुकीच्या याद्या करून जो उरतो, तो माणूस हसतमुख कसा राहील, याचे उत्तर त्याला हसतमुख राहण्याचा उपदेश करणाऱ्यांनी द्यावे.

या भीतीचा व्यापार करणारेही आहेत. तालुक्याच्या गावोगावी ज्या खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळा उभ्या राहिल्या, त्या आईबापांना इंग्रजी विकत नाहीत. मूल मागे पडेल ही भीती विकत घेतात आणि टाय-बुटांच्या रूपाने परत विकतात. तेथे मराठी शब्द उच्चारला म्हणून मुलाला दंड होतो, अशा तक्रारी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. शेत विकून, कर्ज काढून तेथे मूल घालणाऱ्या आईबापांना आपण मूर्ख समजू नये. धाटावच्या कारखान्यात पिंपावरची धोक्याची सूचना इंग्रजीत असते, आणि ती वाचता न येणे म्हणजे काय, हे कामगाराला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. त्याची भूक खरी आहे. तिला मिळणारे अन्न तेवढे खोटे आहे.

आपली चूक

आता आपल्याविषयी. डॉ. लोहियांनी १९५७ पासून इंग्रजी हटावची चळवळ उभारली. तिचा रोख राज्यकारभारातून आणि लोकव्यवहारातून इंग्रजीची सत्ता हटविण्यावर होता. भाषेचा अभ्यास त्यांनी निषिद्ध मानला नव्हता. मूठभरांची भाषा कोट्यवधींच्या मनात न्यूनगंड निर्माण करते, हे त्यांचे निदान होते, आणि ते मुळात भावनेविषयीचेच निदान होते. आपण घोषणा उचलली आणि निदान विसरलो. व्यासपीठावर इंग्रजीचा धिक्कार आणि घरी नातवाला कॉन्व्हेंट, ही आपल्यातील अनेकांची रीत झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्यांची मुले जातात, त्यांना हा दुटप्पीपणा दिसतो. ते बोलत नाहीत, एवढेच.

२०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करण्याचा निर्णय घेतला आणि लोकक्षोभानंतर २९ जूनला तो मागे घेतला. त्या लढ्यात उतरलेल्यांचे अभिनंदन केले पाहिजे. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचे ओझे नको, हा मुद्दा काही शिक्षणतज्ज्ञांनी जीव तोडून मांडला. परंतु सभांत गाजली ती अस्मिता. मूल काय सोसते हा प्रश्न हिंदीपुरता उठला आणि हिंदीबरोबर खाली बसला. तोच प्रश्न इंग्रजीच्या तासाला, आणि खारपट्ट्यातील मराठीच्या तासालाही, रोज उठतो. तेथे मोर्चा निघत नाही, कारण तेथे शत्रू दिल्लीत नसून आपल्यात आहे.

भावनांचा विचार हा बूर्ज्वा चोचला आहे, खरा प्रश्न अर्थकारणाचा, असे म्हणणारे सहकारीही आहेत. त्यांनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम आठवावे. १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी शिक्षणाचे काम उभारले. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात नेली, गुरांमागे कुरणात नेली. अक्षराआधी आपुलकी आली. ते काम म्हणजे दयाधर्म नव्हे. ज्याला समाजाने नाकारले त्याला स्वीकारण्याची ती कृती होती, आणि म्हणून ती राजकीय कृती होती. पेण तालुक्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी गीता मराठीत आणली, ती आईला संस्कृत समजत नव्हते म्हणून. एवढा भाषाप्रभू, पण त्याच्या मोठ्या कामाच्या मुळाशी आईला कळावे ही ओढ होती. प्रेमाने भाषा येते आणि प्रेमासाठी भाषा शिकली जाते, याहून निराळे शिक्षणशास्त्र आपल्याला नको आहे.

काय करावे

पेण आणि रोहे या दोन तालुक्यांतील आपल्या शाखांनी येत्या शैक्षणिक वर्षासाठी चार गोष्टी हाती घ्याव्यात, असे मला सुचवायचे आहे.

पहिली : पहिली-दुसरीच्या इंग्रजीला लेखी चाचणी आणि गुणांची जाहीर उतरंड नसावी, ते बोलण्या-ऐकण्याचेच असावे, ही मागणी पंचायत समितीपुढे लावून धरावी. मूर्तिकामातले, मासळीबाजारातले, कारखान्यातले जे इंग्रजी शब्द मुलांच्या तोंडी आहेत, तेथून तास सुरू व्हावा.

दुसरी : शिक्षकांची रिक्त पदे भरणे आणि त्यांना बिगरशैक्षणिक कामांतून सोडविणे. कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक एवढाच अपवाद करते. शिक्षकांच्या संघटनांशी या मुद्द्यावर खांद्याला खांदा लावावा. आणि शिक्षकांनाही न लाजता चुकत इंग्रजी बोलता येईल असे केंद्रस्तरीय मंडळ वर्षभर चालावे.

तिसरी : आगरी आणि कातकरी बोलींना पहिल्या इयत्तांत मानाने स्थान मिळावे. प्रमाण भाषा शिकवावीच. पण घरची भाषा अपराध ठरवून नव्हे. भट्टीवर गेलेल्या मुलांचा पट नोव्हेंबरात कोण शोधते, याचाही जाब शाखेने विचारावा.

चौथी आणि सर्वांत सोपी : शाळा व्यवस्थापन समित्या. कायद्याने त्यांत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. पुष्कळ ठिकाणी त्या कागदावर आहेत. तेथे वीटभट्टीवरील आई आणि मूर्तिकारखान्यातील बाप बसला, त्याने प्रश्न विचारला आणि मुलाने तो विचारताना पाहिला, तर त्या मुलाची चाळण जितकी विरळ होईल, तितकी कोणत्याही गाण्याने होणार नाही. भिणाऱ्या आईबापांचे मूल निर्भय होत नाही.

२००८ च्या सप्टेंबरात पेण तालुक्यातील बावीस गावांनी महामुंबई सेझविषयी जनमत नोंदविले, ते आपण अभिमानाने सांगतो. त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या माणसांना मोठ्या कंपनीची भीती वाटत नव्हती असे नाही. ती एकट्याने वाटेनाशी झाली होती. हमरापूरच्या त्या मुलीला आपले नाव परक्या भाषेत मान वर करून सांगता यावे, यासाठीही तेवढेच हवे आहे. तिच्यामागे कोणी उभे असले पाहिजे.