पसरलेला रोग, राहून गेलेली तपासणी

स्तनाचा कर्करोग हाडांत वा यकृतात पसरला असे कळले, की घरची माणसे डॉक्टरांना एकच प्रश्न करतात: आता किती दिवस? रोग कोठवर गेला, एवढ्यावरच याचे उत्तर ठरत नाही. त्या पेशींत कोणती प्रथिने आहेत, यावरही ते ठरते.

मुख्यतः तीन प्रथिने तपासली जातात. दोन इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची ग्राहके, तिसरे हर-टू. पहिली दोन असल्यास पुष्कळदा गोळ्यांनीही रोग आवरता येतो. हर-टू शंभरात पंधरा ते वीस रुग्णांत वाढलेले असते. असा रोग अधिक उग्र असतो, हे अमेरिकेतील डॉ. डेनिस स्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखविले. पुढे त्याच प्रथिनावर नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधास तेथे १९९८ मध्ये मान्यता मिळाली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केमोथेरपीला त्याची जोड दिल्यावर निम्म्या रुग्णांनी गाठलेली आयुर्मर्यादा २०.३ महिन्यांवरून २५.१ महिन्यांवर गेली. पर्टुझुमॅबचीही जोड मिळाल्यावर, २०१५ च्या अहवालानुसार, ती ५६.५ महिन्यांपर्यंत पोचली. जे लक्षण एके काळी अशुभ मानले जाई, तेच आज उपचाराची वाट दाखविते.

परंतु ही वाट तपासणीवाचून सापडत नाही. शिवाय पसरलेल्या रोगातील प्रथिने मूळ गाठीतल्याहून कधी कधी वेगळी निघतात. म्हणून शक्य तेथे नव्या जागेचा तुकडा पुन्हा तपासावा, असे तज्ज्ञ सांगतात. काढलेला तुकडा वेळेवर फॉर्मेलिनमध्ये न पडल्यास अहवालच चुकू शकतो. या साध्या शिस्तीवर एका बाईची वर्षे अवलंबून असतात.

ही तपासणी व त्यानुसार लागणारे औषध सार्वजनिक इस्पितळांत प्रत्येक गरजू स्त्रीस विनामूल्य मिळाले पाहिजे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. त्याचबरोबर घरच्यांनीही रुग्णापासून आजाराचे नाव लपविणे सोडावे, अहवाल जपून ठेवावेत आणि हर-टूची तपासणी झाली काय, हे निःसंकोच विचारावे. ग्रामदैवतापुढे कौल लावण्यास आमची हरकत नाही. मात्र प्रयोगशाळेचा कौलही घेतल्यावाचून कोणीही आशा सोडू नये.