रेघेपर्यंत या!

मुलाच्या प्रगतिपुस्तकावर गणितापुढे ‘नॉट अप टू स्क्रॅच’ असा शेरा आला की घरावर अवकळा येते. वडील शब्दकोश काढतात. तिथे ‘स्क्रॅच’ म्हणजे ओरखडा! आता पोराने ओरखडे कुणाला काढले?

ओरखडा खराच, पण तो जमिनीवरचा. हा वाक्प्रचार इंग्लंडातल्या जुन्या मुष्टियुद्धातून आला. त्या वेळी लढत उघड्या मुठींनी होई, आणि फेरीला ठरावीक वेळ नसे. रिंगणाच्या मध्यावर ओढलेली रेघ म्हणजे ‘स्क्रॅच’. १८३८ सालच्या लंडन प्राइझ रिंगच्या नियमांनुसार गडी खाली पडला की फेरी संपे. मग ३० सेकंद विसावा. ‘टाइम’ अशी हाक आली की पुढच्या ८ सेकंदांत त्याने कुणाचा आधार न घेता रेघेशी येऊन उभे राहायचे. न येईल तो हरला. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. इथे पडणाऱ्याला दोष नव्हता, न परतणाऱ्याला होता. १८६७ साली क्वीन्सबेरीचे नियम प्रसिद्ध झाले. हातमोजे आले, फेऱ्या तीन मिनिटांच्या झाल्या, रेघ गेली. शब्द तेवढा राहिला.

तेव्हा गुरुजींच्या शेऱ्याचा अर्थ इतकाच, की गणित हवे तितके झालेले नाही. पोरगा ठोंब्या आहे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. छडी शोधण्यापूर्वी वडिलांनी एवढे ध्यानात घ्यावे.

मराठीत याच्या जवळचा प्रयोग ‘कसाला उतरणे’. गंमत अशी, की सोनाराच्या कसोटीवरही रेघच उमटते! पण ती रेघ सोने किती चोख ते सांगते. इंग्रजी रेघ फक्त विचारते, आलास की नाही? म्हणून हा वाक्प्रचार बहुधा नकारातच शोभतो. वहिनींच्या चकल्यांना कौतुकाने ‘अप टू स्क्रॅच’ म्हणाल, तर त्याचा अर्थ ‘चालतील’ एवढाच होतो. पुढच्या दिवाळीला ताट येणार नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तो लग्नाच्या बाजारातही चालवला. महिनोन्‌महिने घरी चहाला येऊन मुलीला मागणी न घालणाऱ्या तरुणाला ‘स्क्रॅचपर्यंत आणणे’ हे मुलीच्या आईचे काम असे. तिथे मात्र ८ सेकंदांची अट नव्हती.