तण, विष आणि आपले कर्तव्य

पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या की नवी मुंबईचे रूप पालटते. पारसिकच्या डोंगरावर हिरवळ चढते आणि त्याच वेळी गृहनिर्माण संस्थांच्या कुंपणालगत, फरश्यांच्या फटींत, मोकळ्या भूखंडांवर गुडघाभर तण माजते. डास आणि साप यांच्या भीतीने संस्थेच्या सभेत तक्रारी होतात. खुरपे घेऊन चार दिवस बसणाऱ्या मजुरांपेक्षा पाठीवर पंप घेतलेला एकच माणूस स्वस्त पडतो. तो येतो तेव्हा पायांत चपला, तोंडाला रुमाल आणि हात उघडे असतात. तासाभरात काम आटोपते, पंधरवड्यात तण पिवळे पडते आणि संस्था निश्चिंत होते. त्या माणसाने बादली कोठे धुतली, उरलेले द्रावण कोठे ओतले, घरी जाऊन त्याला काय त्रास झाला, याची विचारपूस कोणी करीत नाही.

यासाठी सर्रास वापरले जाणारे रसायन म्हणजे ग्लायफोसेट. अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीच्या जॉन फ्रांझ या रसायनशास्त्रज्ञाने १९७० साली त्याचा तणनाशक गुण ओळखला आणि १९७४ पासून ते बाजारात आले. ते पानावाटे वनस्पतीत शिरते, मुळापर्यंत उतरते आणि वाढीला आवश्यक अशी अमिनो आम्ले बनविणारी प्रक्रियाच रोखून धरते. ही प्रक्रिया प्राण्यांच्या शरीरात नसते. त्यामुळे ते माणसाला निरुपद्रवी आहे, असा समज रूढ झाला. हा समज अपुरा आहे. बाटलीत केवळ ग्लायफोसेट नसते. द्रावण पानावर पसरावे म्हणून त्यात साबणासारखे घटक मिसळलेले असतात. त्यांतील काही डोळ्यांना व त्वचेला दाहक, तर मासे आणि बेडूक यांना मूळ रसायनाहूनही घातक ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ग्लायफोसेटची गणना 'बहुधा कर्करोगकारक' पदार्थांत केली. युरोप आणि अमेरिकेतील नियामक संस्थांना हे मत मान्य झाले नाही. वाद शास्त्रज्ञांचा आहे. तो मिटेपर्यंत सावधगिरी बाळगणे हे शहाणपणाचे आहे.

नवी मुंबईला या सावधगिरीची विशेष निकड आहे. हे शहर खाडीकाठच्या सखल भूमीवर उभे आहे. पावसाचे पाणी नाल्यांतून धारण तलावांत आणि तेथून खाडीत जाते. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटते हे खरे. परंतु सिमेंटच्या फरशीवर चिकटायला माती कोठून असणार? फवारणीनंतर सर आली की विष थेट गटारात उतरते. ज्या ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, जिला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ती या गटारांच्या शेवटच्या टोकाला आहे.

तणनाशके सारी सारखी नसतात, हेही ध्यानी घेतले पाहिजे. पॅराक्वाट या तणनाशकाचा एखादा घोट पोटात गेला तरी जीव जाऊ शकतो. ते फुप्फुसांचा नाश करते आणि त्यावर उतारा नाही. केरळने २०११ साली त्यावर बंदी घातली. असे रसायन शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवणे म्हणजे घरात मृत्यूला जागा देणे होय.

फवारणीतील निष्काळजीपणा किती महाग पडतो, हे महाराष्ट्राने २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पाहिले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथील औषधे प्रामुख्याने कीटकनाशके होती. तणनाशकांहून त्यांची जात वेगळी. परंतु उघडे अंग, गळका पंप आणि वाऱ्यावर उडणारे तुषार यांची कथा दोन्हीकडे एकच आहे.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटची फवारणी केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करण्याचे बंधन घातले. उद्योगाने त्याला न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयातील वाद काहीही असो, संस्थेच्या आवारातील माणसाचे रक्षण करण्यासाठी कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही. काम परवानाधारक व्यक्तीकडेच द्यावे. फवारणाऱ्याला पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा आणि मुखपट्टी द्यावी. वारा वाहत असताना वा पावसाची चिन्हे असताना फवारणी करू नये. द्रावण प्लास्टिकच्या भांड्यात कालवावे. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी बादलीत ग्लायफोसेटपासून ज्वलनशील हायड्रोजन वायू तयार होतो. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. फवारा पूर्ण वाळेपर्यंत मुलांना व पाळीव जनावरांना तेथे फिरकू देऊ नये. डोळ्यांत उडाल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे. पोटात गेल्यास उलटी करविण्याच्या भरीस न पडता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि बाटलीवरचे लेबल सोबत न्यावे. रिकामा डबा तीनदा धुऊन, भोके पाडून निकामी करावा.

'तण खाई धन' असे आपले शेतकरी पूर्वापार सांगत आले. तण काढायलाच हवे, याविषयी दुमत नाही. परंतु संस्थेच्या बागेला शेताएवढी घाई नसते. चार कुटुंबांनी रविवारी सकाळी खुरपी हाती घेतली, झाडांच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घातले, तर बहुतेक ठिकाणी बाटली उघडण्याची वेळच येणार नाही. जेथे येईल तेथे पंप ज्याच्या पाठीवर आहे त्याच्या प्राणाची जबाबदारी पंप पाठविणाऱ्यांची आहे. संस्थेच्या येत्या सभेत खर्चाचा आकडा वाचला जाईल, तेव्हा त्यात हातमोज्यांचे पैसे धरले आहेत काय, एवढा एक प्रश्न तरी कोणीतरी उभे राहून विचारला पाहिजे.